स्वतःच्या नावाचं डोमेन सोडून देताना खाजगी माहिती कशी जपावी?

वेबसाइट काढून टाकली की काम झालं, असं समजू नका. खरा धोका ईमेलचा आहे. डॉट कॉमची मुदत संपली की नूतनीकरणासाठी साधारण 30 ते 45 दिवसांची वाढीव मुदत, मग 30 दिवस जादा पैसे भरून सोडवण्याची संधी, शेवटी नोंद पुसली जाण्याचे 5 दिवस. त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतं. नवा मालक 'कॅच-ऑल' (डोमेनच्या कुठल्याही पत्त्यावरचं टपाल एकाच ठिकाणी घेण्याची सोय) लावतो आणि तुमच्या जुन्या पत्त्यांवरचं सगळं टपाल त्याच्याकडे जातं, पासवर्ड रीसेटच्या लिंकसुद्धा. तुम्ही एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचं टपाल कुठे जावं हे सांगणाऱ्या नोंदी) काढून उपयोग नाही, तो स्वतःचे घालतो.

म्हणून आधी पासवर्ड मॅनेजरमध्ये डोमेनचं नाव टाकून शोधा. बँक, आयकर पोर्टल, गिटहब, सगळीकडे पत्ता बदला. 'रिकव्हरी ईमेल'चा रकाना हमखास राहून जातो. रजिस्ट्रारच्या (जिथून डोमेन घेतलं त्या कंपनीच्या) खात्याला त्याच डोमेनचा पत्ता असेल तर तो सर्वांत आधी बदला. मग स्वतःच कॅच-ऑल लावून निदान एक वर्ष काय येतंय ते बघा. विमा, मतदान, करांची पत्रं वर्षातून एकदाच येतात. त्या वर्षाचं नूतनीकरण पैसे वसूल करणारं आहे.

वेबॅक मशीनमधली (वेबसाइटच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संग्रहातली) तुमची जुनी पानं काढायची विनंती डोमेन हातात असतानाच, त्याच डोमेनच्या ईमेलवरून करा. नंतर मालकी सिद्ध करणं अवघड जातं. हूइजमध्ये (डोमेन मालकांच्या सार्वजनिक नोंदीत) पूर्वी उघडा राहिलेला पत्ता-फोन मात्र जुन्या नोंदी साठवणाऱ्यांकडे राहतोच.

डोमेनवर अजून महत्त्वाचं टपाल येत असेल तर सोडूच नका.