२४ लाखांच्या पॅकेजमध्ये हातात किती येतात?

आम्ही करिअर समुपदेशक. इंदूरच्या मराठी घरांतून हा प्रश्न आमच्याकडे सध्या फार येतो: 'आमच्या मुलाला साडेतीन लाखांची ऑफर आहे, नात्यातल्या मुलाला २४ लाखांची. आमचा मागे पडला का? डेटा सायन्सचा मोठा कोर्स लावून द्यावा का?' अशाच एका कुटुंबाची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा बावीस वर्षांचा, खासगी कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या सत्रात. कॅम्पसमधून एका सर्व्हिस कंपनीची (दुसऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअरचं काम करणारी) वर्षाला ३ लाख ६० हजारांची ऑफर. बेंगळुरूच्या आतेभावाला २४ लाख. आत्याचा फोन येऊन गेला आणि घरातलं वारंच बदललं. बाबांनी एका ऑनलाइन कोर्सच्या तीन लाखांच्या कर्जाचे कागद भरून ठेवले होते, फक्त सही बाकी होती. "मॅडम, हा बाहेर जेवायलासुद्धा येत नाही हो," आई म्हणाली. मुलगा इंदुरी मराठीत एवढंच बोलला, "सब निकल गए मॅडम, मीच राहिलो."

आकड्यांकडे वळण्याआधी झोप, भूक आणि जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार, हे तिन्ही थेट विचारून घेतलं. तसे विचार नव्हते. झोप मात्र बिघडली होती, रात्री दोनपर्यंत लिंक्डइनवर इतरांच्या नोकऱ्यांच्या पोस्ट वाचणं चालू होतं. तसे विचार असते तर करिअरची चर्चा बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञ गाठले असते. टेलीमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, घरच्यांनी हा नंबर जवळ ठेवावा. या मुलाला रात्री दहानंतर फोन बैठकीच्या खोलीत ठेवायला सांगितलं, आणि पुढच्या भेटीला दोन्ही ऑफर लेटर मागवली. आतेभाऊ दिलदार निघाला, त्याने आपलं लेटर पाठवून दिलं.

बाबांच्या मनात हिशेब सरळ होता: २४ लाख म्हणजे महिन्याला दोन लाख. कागदावर वेगळं होतं. वर्षाचा निश्चित पगार १४ लाख. दहा टक्के बोनस, म्हणजे १ लाख ४० हजार, तोही कंपनी आणि त्याचं स्वतःचं काम दोन्ही चांगलं झालं तर. जॉइनिंग बोनस २ लाख, फक्त पहिल्या वर्षी, आणि बारा महिन्यांच्या आत सोडलं तर परत. कंपनीचे शेअर (लेटरमध्ये त्यांना आरएसयू म्हटलं होतं), एकूण २० लाखांचे, चार वर्षांत वाटलेले, म्हणून वर्षाचे ५ लाख. पहिला हप्ता एक वर्ष पूर्ण झाल्यावर. उरलेले १ लाख ६० हजार कंपनीचा पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) वाटा, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) आणि विमा. झाले २४ लाख.

आता महिन्याचं बघू. १४ लाखांचे बारा भाग, १ लाख १६ हजार ६६७. त्यातून त्याचा पीएफ ७,००० (मूळ वेतन वर्षाला ७ लाख, त्याचे १२ टक्के). नव्या करप्रणालीत २०२५-२६ च्या दरांनी, ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून, प्राप्तिकर वर्षाला ८१ हजार ९००, महिन्याला सुमारे ६,८००. व्यवसाय कर २००. हातात येतात १ लाख अडीच हजारांच्या आसपास. त्यातून खोलीचं भाडं आणि घर भाड्याने घेताना भरलेली काही महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत. पगार चांगलाच आहे, त्यात वाद नाही. पण घरात ज्या आकड्यावरून धुसफूस चालली होती, त्याच्या हा जेमतेम अर्धा आहे. शेअरबद्दल एक: कंपनी बाजारात नोंदलेली असेल तर ते विकता येतात, मात्र हातात पडतात त्याच दिवशी त्यांच्या किमतीवर पगारासारखा कर लागतो. नोंदणी नसलेल्या स्टार्टअपचे शेअर घेणारा मिळेपर्यंत कागदच.

मुलाच्या स्वतःच्या लेटरचंही तसंच. ३ लाख ६० हजार म्हणजे महिन्याला ३० हजार. त्यातून कंपनीचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीचे ७२१ (मूळ वेतन १५ हजारांच्या ४.८१ टक्के, आणि ती सहसा सलग पाच वर्षं झाल्याशिवाय मिळत नाही), विम्याचे ५००, कामगिरीवरचे १,५०० वजा करा. मग त्याचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर. उरतात साडेतेवीस हजार. घरी राहून, आईच्या हातचं जेवून. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर भागात टीसीएस आणि इन्फोसिस आहेत, शहरात इम्पेटस, यश टेक्नॉलॉजीज, इन्फोबीन्ससारख्या कंपन्या आहेत. इथे पहिली दोन वर्षं काढणाऱ्याला भाड्याचा बोजा नसतो, ही सवलत बेंगळुरूला गेलेल्याला नाही.

त्याच्या लेटरमध्ये बॉण्डही होता, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याची अट. 'बॉण्ड कोर्टात टिकत नाही' असं मुलं एकमेकांना सर्रास सांगतात. त्यावर विसंबू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. तिथे सरकारी भरतीच्या खर्चाचा मुद्दा होता, त्यामुळे प्रत्येक बॉण्डला तो निकाल जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण रक्कम आणि मुदत वाचूनच सही करावी, आणि मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवायला देऊ नये.

मग कोर्सचे कागद उघडले. (कोर्स विकणाऱ्या माणसालाही तिकडे 'काउन्सेलर' म्हणतात. आमच्या पेशाला हा चांगलाच त्रास आहे.) जाहिरातीत 'सरासरी पॅकेज ८ लाख'. दहा मुलांपैकी नऊ जणांना ४ लाख आणि एकाला ४४ लाख मिळाले तरी सरासरी ८ लाखच येते. म्हणून विचारायचं ते पगाराच्या क्रमाने उभं केलं तर मधोमध येणाऱ्या मुलाचं पॅकेज, किती जणांनी प्रवेश घेतला त्यातल्या किती जणांना नोकरी लागली, आणि हे सगळं लेखी. करारात 'प्लेसमेंट असिस्टन्स' असं होतं, गॅरंटी हा शब्द फक्त फोनवर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कर्ज कोर्सच्या कंपनीचं नव्हतं, वेगळ्या फायनान्स कंपनीचं होतं. मुलाने दोन महिन्यांत कोर्स सोडला असता तरी हप्ता चालूच राहिला असता, आणि थकला तर कर्जदार म्हणून ज्याचं नाव त्याचा सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) पडला असता. इथे ते नाव बाबांचं होतं. सही झाली नाही.

मुलाने मग विचारलं, "पण डेटा सायन्समध्येच पैसा आहे ना?" फ्रेशरसाठी निव्वळ डेटा सायंटिस्टच्या जागा थोड्या असतात आणि पुष्कळदा तिथे मास्टर्स मागतात. जास्त पगार तिथे मिळतो जिथे चूक कंपनीला महागात पडते: पेमेंटची यंत्रणा, लाखो लोक वापरतात ते बॅकएंड (अ‍ॅपच्या पडद्यामागे सर्व्हरवर चालणारा भाग), डेटा पाइपलाइन (माहिती एका यंत्रणेतून दुसरीकडे पोचवण्याची व्यवस्था), क्लाउड, सुरक्षा, आणि मॉडेल रोजच्या वापरात चालतं ठेवण्याचं काम. यातल्या बॅकएंड आणि डेटा इंजिनिअरिंगचं दार नवख्याला त्यातल्या त्यात उघडं असतं. याला बॅकएंड आवडायचं, तेच धरलं.

मिळालेली नोकरी घ्यायची आणि पुढच्या चांगल्या नोकरीसाठी आठवड्याला बारा तास तयारीचे, असं ठरलं. सहा तास डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम, मुलाखतीत विचारतात ती कोडी), चार तास एक प्रोजेक्ट, दोन तास एसक्यूएल (डेटाबेसची भाषा), ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क. डीएसएचे आठ महिन्यांत दीडशे प्रश्न पुरतात, आठवड्याला चार-पाच. अ‍ॅरे, हॅशिंग, बायनरी सर्च, ट्री, ग्राफ, हीप, मग डीपीचे (डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचे) सोपे प्रकार, या क्रमाने. त्याने आधीच चारशे प्रश्न 'केलेले' होते, म्हणजे उत्तरांचे व्हिडिओ पाहिलेले. मुलाखतीत हात अडायचा तो यामुळेच. नवा नियम असा: पस्तीस मिनिटं स्वतः झगडायचं, मग फक्त इशारा पाहायचा, उत्तर पाहिलंच तर बंद करून कोऱ्या पानावर लिहायचं, आणि तोच प्रश्न तीन दिवसांनी आणि तीन आठवड्यांनी पुन्हा.

मुलाखतीत दुसरी चूक गप्प बसून कोड लिहिण्याची. पहिली पाच मिनिटं प्रश्नाची मर्यादा विचारण्यात घालवावीत. एक लाख आकड्यांवर एकात एक दोन लूप घातले तर एक हजार कोटी फेऱ्या होतात, ते चालणार नाही, हे लिहायला लागण्यापूर्वी तोंडाने म्हणायचं. समोरचा बघत असतो ते हेच.

प्रोजेक्टचा भाग मात्र मनापासून रंगला. सीव्हीवर आधी शॉपिंग साइटची नक्कल होती, वर्गातल्या निम्म्या मुलांकडे होती तीच. ती काढून टाकली. त्याच्या मावशीची मेस आहे, रोजचे साठेक डबे, हिशेब वहीत. त्याने ग्राहक, डबे आणि जमा पैसे यांची नोंद ठेवणारं छोटं अ‍ॅप बनवलं. पंधरवड्यात मावशीचा फोन आला, "अरे, देशपांड्यांचे पैसे दोनदा जमा दाखवतंय!" नेट हळू असलं की मावशी बटण पुन्हा दाबायची. त्याने फोनकडूनच प्रत्येक नोंदीला वेगळा क्रमांक पाठवायला लावला आणि पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्या क्रमांकावर युनिकची (एक क्रमांक एकदाच चालेल अशी) अट घातली, दुसरी नोंद आपोआप नाकारली जाऊ लागली. रक्कम दशांशात न ठेवता पैशांत, पूर्णांकात ठेवली, कारण दशांशाच्या बेरजेत पै-पैचा फरक पडत होता. पुढच्या दोन मुलाखतींत तो वीस-वीस मिनिटं याच दोन गोष्टींवर बोलला. डबल पेमेंट कसं टाळायचं हा पेमेंट कंपन्यांचा रोजचा प्रश्न आहे.

मध्यंतरी एका कन्सल्टन्सीने दोन वर्षांचा खोटा अनुभव विकत देऊ केला. पीएफच्या यूएएन या कायमच्या खातेक्रमांकावर नोकऱ्यांचा सगळा इतिहास दिसतो, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले तो तपासतात. जॉइन होऊन सहा महिन्यांनीसुद्धा यावरून काढून टाकतात. बाबांनी या वेळी आम्हाला न विचारताच नकार कळवला.

दीड वर्षाने पुण्याच्या एका प्रॉडक्ट कंपनीची (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणारी) ऑफर आली. एकूण १३ लाख, निश्चित साडेदहा. लेटर त्याने स्वतःच रंगीत पेनने खुणा करून आणलं. जॉइनिंग बोनस एक लाख, वर्षाच्या आत सोडल्यास पूर्ण परत, अशी अट होती. त्याने एचआरला मेल केला की जितके महिने काम केलं तितका भाग वजा करून उरलेलाच परत घ्यावा. ते मान्य झालं आणि सुधारित लेटर आलं. जुन्या कंपनीचा नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा, नवीन कंपनीला माणूस साठ दिवसांत हवा होता. नोटीस विकत घेण्याची (उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटण्याची) सोय करारात 'मॅनेजरच्या संमतीने' होती, आणि मॅनेजरने एक महिना सोडला. सही झालेलं नवं लेटर हातात पडेपर्यंत राजीनामा टाकला नव्हता, हे बरं.

बाबांचा प्रश्न वेगळाच होता: पीएफचं काय करायचं, काढून घ्यायचा का? काढायचा नाही. यूएएन तोच राहतो, नव्या कंपनीत जॉइन झाल्यावर जुनी रक्कम त्याच क्रमांकावर ट्रान्सफर झाली की नाही ते पासबुकात बघायचं. पाच वर्षांच्या आत काढली तर ती करपात्र ठरते, ट्रान्सफर केली तर जुन्या नोकरीची वर्षंही त्या पाचांत धरली जातात.