पेवात उतरण्याआधी कंदील का सोडत?

प्रश्न : मंगळवेढ्याजवळच्या आमच्या जुन्या वाड्यात ज्वारीचं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा आहे. त्याचं तोंड उघडलं की आजोबा दिवसभर कुणाला जवळ फिरकू देत नसत. दुसऱ्या दिवशी दोराला कंदील बांधून आत सोडत. तो विझला की "अजून वाफ आहे" म्हणून माघारी फिरत. वाळलेली ज्वारी ती, तिच्यात जीव कसला? मग आतली हवा खाल्ली कुणी? नातवाच्या दहावीच्या पुस्तकात ऑक्सिश्वसन आणि विनॉक्सिश्वसन आहे, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : आहे, आणि अगदी थेट आहे. ज्वारी वाळली म्हणजे मेली नव्हे. मेली असती तर पेरल्यावर उगवली नसती. प्रत्येक दाण्यात अंकुर निजलेला असतो आणि निजलेला जीवही श्वास घेतो, फक्त फार सावकाश. दाणा कडकडीत वाळलेला असेल तर हे श्वसन नगण्य असतं. ओल लागली की ते झपाट्याने वाढतं. शिवाय दाण्यांबरोबर आत गेलेले किडे आणि बुरशी असतातच. एवढे जीव एका बंद खड्ड्यात कोंडले, तर ऑक्सिजन संपणारच.

दाण्याच्या पेशीत साखरेचे आधी दोन तुकडे होतात. त्यांना पायरुविक आम्ल म्हणतात. हे काम पेशीद्रव्यात होतं आणि त्याला ऑक्सिजन लागत नाही. ऑक्सिजन असेल तर पुढे तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांमध्ये, त्या तुकड्यांचं पूर्ण ज्वलन होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. हे ऑक्सिश्वसन. ऊर्जेचं चलन म्हणजे एटीपी. साखरेच्या एका रेणूतून त्याचे 30 ते 32 रेणू मिळतात (काही पुस्तकांत 38 दिसतील, नातवाने गोंधळून जाऊ नये). ऑक्सिजन नसेल तर गाडी पहिल्याच टप्प्यावर अडते, हाती फक्त 2 एटीपी लागतात. मग किण्वाच्या (यीस्टच्या) पेशीत अल्कोहोल तयार होतं, तर जोरात पळताना आपल्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल. विनॉक्सिश्वसन म्हणतात ते हेच.

आता पेवात चला. जितका ऑक्सिजन खर्च होतो, साधारण तितकाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. तो 16 टक्क्यांच्या आसपास आला की कंदील विझतो. पण तेवढ्यात कार्बन डायऑक्साइड 0.04 वरून 5 टक्क्यांच्या घरात गेलेला असतो. एवढ्यावर माणसाला धाप लागते, डोकं गरगरतं. तो 10 टक्क्यांवर गेला तर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. हा वायू हवेपेक्षा जड, पेवाचं तोंड अरुंद, म्हणून तो तळाशी साचून राहतो. आजोबांची "वाफ" ती हीच. पेवातली ज्वारी टिकायची तीही याच कारणाने, किड्यांना जगायला हवाच उरत नसे.

माझ्या माहेरी पेवाच्या भिंतीला कडब्याचं अस्तर असे. मधली ज्वारी मोत्यासारखी निघायची, पण भिंतीलगतची काळपट आणि आंबूस. आजी ती आधी बाजूला काढायची. तिथे जमिनीची ओल पोचायची, ऑक्सिजन मात्र संपलेला असायचा, म्हणून तिथले दाणे आणि सूक्ष्मजीव विनॉक्सिश्वसनावर आलेले. तो आंबूस वास त्याचाच.

नातवाला हे डोळ्यांनी दाखवा. मूठभर मोड आलेली मटकी काचेच्या बरणीत घाला, चुन्याच्या निवळीची लहान वाटी आत ठेवा, झाकण घट्ट लावा. सकाळी निवळी कार्बन डायऑक्साइडने दुधाळ झालेली दिसेल. झाकण थोडं सरकवून पेटती उदबत्ती आत धरा, निखारा मंदावेल. मग निवळी काढून बरणी पुन्हा बंद करा आणि आणखी एक दिवस तशीच ठेवा. उघडल्यावर दारूसारखा वास येईल. ऑक्सिजन संपला, तरी मटकीने धडपड सोडली नाही, दुसरा रस्ता धरला. मला दरवेळी ते मोड हातात घेऊन बघावंसं वाटतं. ही मटकी मात्र खाऊ नका.

आणि कळकळीने सांगते, तुमच्या पेवात आता कुणीही उतरू नका, कंदील जळत असला तरी. कुजलेल्या कडब्यातून निघणारे विषारी वायू कंदिलाला कळत नाहीत. विहिरीचं आणि मैल्याच्या टाकीचंही हेच. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि एकाच घरातली तिघं जातात. कुणी आत कोसळला तर वरून वारा घाला, 101 किंवा 112 ला फोन करा. उतरू नका. पेव वापरात नसेल तर माती टाकून बुजवून घ्या, आणि तोवर त्यावर जड फरशी ठेवा. वाड्यात लहान मुलं खेळत असतील.