आवाज हवा, घुमघुम नको

प्रश्न : माझ्या बिनटर्बोच्या स्पोर्ट्स कारला जाड पाइपचा एक्झॉस्ट लावला तर ताकद वाढेल का?

उत्तर : हाच मोह मलाही झाला होता. साडेतीन इंची पाइप बसवला आणि गाडी कमी आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मरगळली. पाइप गरजेपेक्षा रुंद झाला की वायूंचा वेग पडतो, सिलिंडर नीट रिकामे होत नाहीत. नुसता आवाज हवा असेल तर मागचा मफलर (आवाज दाबणारा डबा) बदला, पुरे. रेझोनेटर (एक्झॉस्टमधला घुमणारे सूर मारणारा डबा) मात्र राहू द्या. तो काढला की साधारण २०००-३००० आरपीएमला केबिनमध्ये अशी घुमघुम सुरू होते की तासाभरात डोकं उठतं. (बायको तेव्हा वेगळ्या गाडीने यायची!) कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) हात लावू नका. पाइप स्टेनलेस स्टीलच्या ३०४ प्रतीचा घ्या. ४०९ प्रतीचं स्टील स्वस्त, पण गंजून लवकर तांबूस पडतं.