वडिलांची जुनी जीप घरच्या घरी दुरुस्त करता येईल का?

तुम्ही विचारलंय की वडिलांची १९७२ची पेट्रोल जीप अकरा वर्षं गोठ्याशेजारी उभी आहे, इंजिन फिरत नाही, गॅरेजवाला म्हणतोय सगळी खोलून रंगासकट करून देतो आणि आकडा असा सांगितलाय की त्यात एक सेकंडहँड गाडी येईल, तर घरी जमेल का आणि सुरुवात कुठून करायची.

जमतं. माझी १९६८ची सीजे-३बी, म्हणजे उंच बॉनेटची जुनी जीप आहे, कोल्हापूरजवळ घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं रविवारी-रविवारी काम करून उभी केली, मी मेकॅनिक नाही, बँकेत आहे. पण एक गोष्ट आधीच सांगतो, सगळी गाडी एकदम खोलू नका. मी ज्या अर्धवट जीप बघितल्या त्या सगळ्या अशाच, एका उत्साही रविवारी बॉडी उतरवली, नटबोल्ट डब्यात टाकले, मग लग्नसराई, मग पाऊस, आणि तीन वर्षांनी कुठला बोल्ट कुठला ते देवाला माहीत. एका वेळी एकच भाग खोला, तो बसवा, मगच दुसरा.

आज फक्त एवढंच करा. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून दोन-दोन चमचे टाका आणि विसरून जा. सेल्फ मारायचा नाही, ढकलून तर अजिबात नाही. रोज संध्याकाळी पुढून हँडल लावून नुसतं हलवून बघायचं, जोर करायचा नाही. माझं नवव्या दिवशी एक इंच हललं, त्या दिवशी मी घरात जिलेबी आणली होती.

तोवर ब्रेक घ्या. लोक इंजिनाच्या मागे लागतात कारण आवाज आला की बरं वाटतं, पण चालू झालेली आणि न थांबणारी जीप गोठ्याशेजारी असणं चांगलं नाही. या जीपला चारही चाकांना ड्रम आणि एकच लाइन, म्हणजे एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली असतो, फ्लोअरवरची छोटी झाकणी काढून त्यात ब्रेक ऑइल घालायचं, आणि पायाची सगळी माती नेमकी तिथंच पडते, म्हणून झाकण उघडायच्या आधी आजूबाजूला स्वच्छ पुसा. चारही व्हील सिलिंडरचे रबर, सगळे होज पाइप (लवचिक रबरी पाइप) नवीन टाका, जुने चांगले दिसले तरी टाका. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायला दोन माणसं लागतात, मागच्या लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. माझ्याकडे आई होती. ती नऊवारी सावरून सीटवर बसली, मी खालून ओरडायचो "दाब", ती म्हणायची "दाबलंय", मी चाकामागचं हवा सोडायचं निपल ढिलं करायचो, "सोड", "सोडलंय", असं दीड तास. शेवटी पेडल कडक झालं तेव्हा तिलाच आधी कळलं.

आणि हो, चाकं काढताना एक भानगड आहे. माझ्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे होते. हे मला माहीत नव्हतं. मी पान्याला चार फुटी पाइप लावला, त्यावर उभा राहिलो, तट्कन आवाज आला आणि नट नाही, स्टडच तुटला. मला वाटलं गंजलाय म्हणून. दुसराही तोडला! मग दोन्ही तुकडे घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्याकडे गेलो, त्याने चष्मा वर केला, तुकडा बोटात फिरवला आणि म्हणाला, "पाव्हणं, ह्याच्या तोंडावर एल कोरलंय की, दिसलं न्हाई व्हय?" तुम्ही आधी स्टडचं तोंड तारेच्या ब्रशने घासून बघा. सगळ्याच जीपना अजून तसे असतील असं नाही, कारण मधल्या मालकांनी स्टड बदललेले असतात.

हँडब्रेक या जीपला चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे एक वेगळा छोटा ड्रम असतो तिथं असतो. तो लागत नसेल तर केबल ओढत बसू नका, आधी ड्रम काढून बघा, बहुतेक वेळा मागचं ऑइल सील गेलेलं असतं आणि लायनर तेलात भिजलेलं असतं. सील बदलल्याशिवाय नवीन लायनर टाकणं म्हणजे पैसे वाया. आणि चालत्या गाडीत तो ओढायचा नाही, सगळा झटका शाफ्टवर येतो.

नंतर स्टेअरिंग. साठच्या पुढे गेलं की पुढची चाकं नाचायला लागतात ही सगळ्या जुन्या जीपची तक्रार, आणि सगळे सांगतात स्टेअरिंगला डॅम्पर, म्हणजे झटके शोषणारा दांडा लावा. मला हे पटत नाही, तो नुसता दुखणं झाकतो. पुढचं चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा, खडखड आली तर आधी व्हील बेअरिंग टाइट करून बघा, तरी राहिली तर किंगपिनचं, म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं त्या पिनचं बेअरिंग ढिलं आहे. तिथं पातळ पत्र्याच्या शिम असतात, त्या कमी करून बेअरिंग घट्ट करायचं, काम किचकट आहे पण घरी होतं. टायरॉडचे (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एंड आणि कमानीचे बुशही बघून घ्या.

गंजलेल्या पार्टसाठी आमच्याकडची युक्ती. आमच्या भागात जनावरांच्या खाद्यात घालायला साखर कारखान्याची काळी पातळ मळी मिळते, ती एक भाग आणि पाणी नऊ-दहा भाग असं प्लॅस्टिकच्या पिंपात करून ब्रॅकेट, बिजागऱ्या, ड्रम त्यात बुडवून ठेवले, दोन आठवड्यांनी काढून पाइपने धुतले तर लोखंड अगदी राखाडी, एक ओरखडा नाही. ॲल्युमिनियमचं काही टाकू नका, खराब होतं. वास मात्र भयंकर येतो, आणि मुंग्यांची रांग थेट स्वयंपाकघरापर्यंत गेली होती, त्या महिन्यात घरात माझ्याशी कोणी नीट बोललं नाही. बाहेर काढलेल्या पार्टला तासाभरात परत तांबूस झाक येते, म्हणून लगेच वाळवून प्रायमर मारा.

आता इंजिन. बॉनेट उंच असलेली तुमची जीप असेल तर बहुतेक हरिकेन इंजिन असणार, २२०० सीसीच्या आसपास. यात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळं इंजिन उंच झालं आणि म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. हे सीजे-३बी मॉडेल अमेरिकेत १९५३ला आलं आणि १९६८ला बंद झालं, आपल्याकडे महिंद्राने पुढं कितीतरी वर्षं चालू ठेवलं, म्हणूनच पार्ट अजून मिळतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी. जुना पार्ट हातात घेऊन जा, फोनवर मागवलेलं निम्मं लागत नाही.

हँडलने मोकळं फिरायला लागलं की ऑइल बदला, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट घासा, त्यांची गॅप ०.५ मिलिमीटर, फायरिंग ऑर्डर, म्हणजे प्लगना ठिणगी मिळायचा क्रम १-३-४-२. टाकीतलं जुनं पेट्रोल वापरू नका, त्याला वार्निशचा वास येतो. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, काढून आत साखळीचा तुकडा टाकून हलवा, गंजाचा चिखल निघतो. आणि कितीही भोकं असली तरी साध्या वेल्डिंगवाल्याला रिकामी टाकी देऊ नका, रिकाम्या टाकीतली वाफच पेटते. माझी पहिले चार महिने टाकीशिवायच चालत होती, उभ्या गाडीला, वरती बाटली टांगून.

हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, म्हणजे आमच्याच भागातल्या उसाचा रस एका अर्थाने जीपमध्ये परत येतो, पण जुन्या रबराला तो मानवत नाही. इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) आणि सगळे पाइप इथेनॉल चालणारे टाका. शिवाय इथेनॉल ओलावा ओढतं, त्यामुळं पावसाळ्यात महिनाभर उभी ठेवायची असेल तर पेट्रोलचा पाइप बंद करून कार्बोरेटरमधलं सगळं जळेपर्यंत इंजिन चालू ठेवा.

गिअरबॉक्सला जीएल-५ ग्रेडचं ऑइल काही लोक महाग म्हणजे चांगलं म्हणून टाकतात. टाकू नका, आतल्या पितळी रिंगांना त्रास देतं, जीएल-४चं ९० नंबरचं पुरतं. पहिला गिअर मात्र गाडी थांबल्यावरच टाका, त्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी रिंग) नाही, खरखर झाली तर ऑइलचा दोष नाही. ग्रीसचे निपल मोजून ठेवा आणि ओढ्यातून गाडी काढली की त्याच आठवड्यात सगळ्यांना ग्रीस मारा.

खर्च माझा दोन वर्षांत लाखाच्या थोडा वर गेला, त्यात अर्धा टायर, बॅटरी आणि फ्लोअरच्या पत्र्यावर. रंग सगळ्यात शेवटी. गंजावर लांबी (पुटी) भरून रंग मारलेली जीप दुसऱ्या पावसात फुगते, पत्रा कापून नवीन जोडलेलाच टिकतो.

कुणी ना कुणी डिझेल इंजिन टाका म्हणेलच. ॲव्हरेजचा मोह होतो मान्य आहे, पण आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिन बदललं तर आरसी बुक आणि गाडी जुळत नाही. आणि तुमची गाडी ५० वर्षांच्या पुढची आहे, २०२१च्या नियमांनी ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, फी २०,००० रुपये, दहा वर्षं चालतं, पण त्याला इंजिन, चासी, बॉडी मूळ लागते आणि ती गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच. रोज शेतावर न्यायची असेल तर व्हिंटेजच्या नादाला लागू नका, साधं पासिंग करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्या, मी तेच केलं.

त्यासाठी आरटीओत चासी नंबरचा पेन्सिलने छाप घेतात. म्हणून गंज खरवडायच्या आधी आरसी बुक हातात घेऊन चासीवरचा कोरलेला नंबर शोधा, केरोसिनच्या फडक्याने पुसा, जुळतो का बघा, मग त्यावर ग्रीस लावून चिकटपट्टी मारा आणि ग्राइंडरवाल्या पोराला बोट ठेवून दाखवा की इथं यायचं नाही.