आधी घर, मग कोर्ट

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

नवरा आत गेला की घरातला पैसा कोर्टाकडे वाहू लागतो आणि दोन-तीन महिन्यांत भाडं थकतं. म्हणून आधी स्वतःचं खातं उघड. त्याच्या एटीएमवर विसंबू नकोस, पोलिसांनी खातं गोठवलं तर हप्ते, फी सगळंच अडतं. बँकेच्या कामांसाठी कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार, लागेल. ते वकिलाकडून करून घे. त्यावरची आणि वकीलपत्रावरची त्याची सही तुरुंग प्रशासनामार्फत होते.

तो ठाण्याला आहे की तळोज्याला, याची निघण्याआधी खात्री कर. ठाण्याचं कारागृह कोर्ट नाक्याजवळ, तळोजा खारघरच्या बाजूला. चुकलीस तर दिवसाचा रोज बुडतो. मुलाखतीला, म्हणजे त्याला तुरुंगात भेटायला जाताना, मूळ आधार ने. आधारवर माहेरचं नाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही.

दागिने मोडण्याआधी ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. ‘साहेबांना द्यायचेत’ म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लाव.

एक तारीख मात्र ठळक लिहून ठेव: मॅजिस्ट्रेटने त्याला पहिल्यांदा कोठडी दिली तो दिवस. तो धरून ६० दिवसांत पोलिसांचं दोषारोपपत्र (चार्जशीट) कोर्टात आलं नाही, तर जामीन हा त्याचा हक्क होतो. फाशी, जन्मठेप किंवा किमान १० वर्षांच्या शिक्षेचं कलम असेल तर ९० दिवस. मकोका (संघटित गुन्हेगारीचा कायदा), यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) यांमध्ये कोर्ट ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. गोम अशी की, अर्ज दोषारोपपत्राआधी दाखल झाला पाहिजे. ते आधी आलं की हा हक्क गेला. म्हणून ५५व्या दिवशीच वकिलाच्या मागे लाग. त्याच्याकडून केसचा १६ अक्षरी सीएनआर नंबरही घे, म्हणजे पुढची तारीख ई-कोर्ट्स ॲपवर तुझी तुला दिसेल.

जामीन मंजूर झाला म्हणजे सुटला असं नाही. जामीनदार मिळेना म्हणून कित्येक जण आतच राहतात. कोण उभा राहील ते आधीच विचारून ठेव. तोवर रोख जामिनावर सोडावं, असा अर्ज वकिलाला करायला सांग.

मुलांना ‘बाबा गावाला गेलेत’ सांगू नकोस. शेजारचं पोर एका दिवसात खरं सांगतं.

शिक्षा लागलीच तर संजय गांधी निराधार अनुदानासाठी तहसील कार्यालयात अर्ज कर. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याच्या बायकोला त्यात जागा आहे, फक्त उत्पन्नाची अट कडक आहे. त्यामुळे उत्पन्नाचा दाखला आधी काढ.

काकू