ऑरगॅनिकचं पुस्तक कोणतं घेऊ?

प्रश्न : मी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, महाडजवळच्या गावातून कॉलेजला येते. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. आयआयटी जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. करायची आहे. एका सीनिअरकडून क्लेडनचं पुस्तक जुन्यात घेतलं, पण दोन महिने झाले, चौथ्या प्रकरणाच्या पुढे सरकले नाही. नोट्स पाठ करून मार्क मिळतात, मेकॅनिझम, म्हणजे अभिक्रिया पायरीपायरीने कशी घडते ते, मात्र पंधरा दिवसांत विसरते. मैत्रीण म्हणते मॉरिसन-बॉइड घे. कोणतं घेऊ? की माझं इंग्रजीच कमी पडतंय?

उत्तर : तुझं पत्र अगदी नेमकं आहे. चौथ्या प्रकरणाशी अडलीस हे तू लिहिलंस, त्यामुळे मला दुखणं लगेच कळलं. त्या प्रकरणात मॉलेक्युलर ऑर्बिटल्स, म्हणजे रेणूत इलेक्ट्रॉन कुठे असतात त्याचं चित्र, आहे आणि तिथे भलेभले थांबतात. इंग्रजीला दोष देऊ नकोस.

क्लेडनचं पुस्तक उत्तम आहे, पण त्याची मांडणी तुझ्या अभ्यासक्रमासारखी नाही. कॉलेजात अल्केन, अल्कीन, हॅलाइड, अल्कोहोल असं एकेक कुटुंब घेऊन शिकवतात. क्लेडन अभिक्रिया कशी घडते त्यावरून जातो. म्हणून त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत कार्बोनिल सहाव्या प्रकरणात येतं आणि तुला पहिल्या वर्षी शिकवलेलं एसएन-१, एसएन-२ (कार्बनवरचा एक गट जाऊन दुसरा येण्याच्या दोन तऱ्हा) पंधराव्यात. बाराशेच्या वर पानं पहिल्यापासून वाचत निघालीस, आणि वर्गात चाललेलं काही त्यात सापडेना. मग उत्साह राहील कसा? ते पुस्तक विकू नकोस. टी.वाय.ला ते तुझ्या फार कामाला येईल.

आत्ता मॅकमरी घे. मांडणी फंक्शनल ग्रुपप्रमाणे, म्हणजे कॉलेजसारखी एकेक कुटुंब घेऊन आहे, वाक्यं छोटी आहेत, आणि पैसे द्यायचे नाहीत. जॉन मॅकमरी यांचा मुलगा सिस्टिक फायब्रोसिसने गेला. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी दहावी आवृत्ती ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तकं देणाऱ्या संस्थेला दिली आणि २०२३ पासून ती कुणालाही मोफत वाचता येते, उतरवून घेता येते. मॉरिसन-बॉइड १९५९ पासून पिढ्यान्‌पिढ्या वाचलं जातंय, तुझ्या सरांनीही बहुधा त्यातूनच अभ्यास केला असेल. तरी तिसरं पुस्तक आणू नकोस. लायब्ररीत असेल तर एखादा मुद्दा अडल्यावर उघड.

आता जे मला खरं तर सांगायचंय ते. ऑरगॅनिकचं पुस्तक नुसतं वाचून अंगी लागत नाही, ते कागदावर काढावं लागतं. एक उदाहरण घेऊ. सोडियम बोरोहायड्राइडने ॲसिटोनचं रिडक्शन तुझ्या नोट्समध्ये असेलच. नोट्स बंद कर आणि इलेक्ट्रॉनची जोडी कुठून कुठे जाते ते दाखवणारे बाण कोऱ्या कागदावर काढून बघ. बहुतेक मुलं पहिला बाण बोरॉनपासून काढतात, कारण त्याच्यावर ऋण चिन्ह दिसतं. पण बोरॉनकडे मोकळी इलेक्ट्रॉनची जोडी नाहीच. त्याच्या भोवतीचे आठही इलेक्ट्रॉन चार बी-एच बंधांत अडकलेले आहेत. म्हणून बाणाची शेपूट बी-एच बंधाच्या मध्यावर हवी आणि टोक कार्बोनिलच्या कार्बनवर. दुसरा बाण कार्बन-ऑक्सिजनच्या पाय (π) बंधातून ऑक्सिजनवर. मग पाण्याकडून किंवा मिथेनॉलकडून प्रोटॉन मिळाला की प्रोपेन-२-ऑल तयार.

हे दोन बाण हाताला एकदा बसले की तुझ्या नोट्सची किती पानं गळून पडतात बघ. कार्बोनिलवर सायनाइड येवो, ग्रिनार्ड येवो की अल्डॉलमधला इनोलेट, चाल तीच. कॅनिझारोमध्येही हायड्राइड तसाच येतो, फक्त देणारा बोरॉन नसून कार्बन असतो. तू पाच अभिक्रिया पाच वेगळ्या गोष्टी म्हणून पाठ करतेस, म्हणून त्या पंधरा दिवसांत जातात.

दुसरी सवय पीकेएची, म्हणजे ॲसिड किती तीव्र ते सांगणाऱ्या आकड्याची : आकडा जितका लहान तितकं ॲसिड तीव्र. प्रॅक्टिकलला बेन्झोइक ॲसिड बायकार्बोनेटमध्ये टाकलं की फसफसतं, बीटा-नॅफ्थॉल टाकलं तर काही होत नाही, पण ते सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळतं. हे निरीक्षण जर्नलमध्ये उतरवून तू पुढे गेली असशील. पीकेएचा तक्ता उघड : बेन्झोइक ४.२, कार्बोनिक साधारण ६.४, नॅफ्थॉल ९.५, पाणी १५.७. टेस्ट ट्यूबमध्ये जे घडलं ते या चार आकड्यांत आहे : बेन्झोइक कार्बोनिकपेक्षा तीव्र, म्हणून बायकार्बोनेटला प्रोटॉन देतं; नॅफ्थॉल कार्बोनिकपेक्षा सौम्य पण पाण्यापेक्षा तीव्र, म्हणून फक्त हायड्रॉक्साइडला देतं. हा तक्ता वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेव.

इंग्रजीचं म्हणशील तर या विषयात क्रियापदं मोजकी आहेत. एक परिच्छेद वाच, पुस्तक मिट आणि काय घडलं ते मोठ्याने मराठीत सांग. ‘ब्रोमाइड निघून गेला, कार्बनवर धन भार आला, तीन मिथाइल गटांनी तो सावरला,’ असं सांगता आलं तर समजलं. सांगता आलं नाही, तर तोच परिच्छेद पुन्हा. स्टिरिओकेमिस्ट्रीसाठी, म्हणजे रेणूतल्या अणूंची त्रिमित मांडणी समजायला, महागडं मॉडेल किट नको. कणकेचा गोळा, खराट्याच्या चार काड्या आणि टोकांना चार रंगांचे मणी, असे दोन गोळे एकमेकांची आरशातली प्रतिमा करून ठेव आणि एकावर एक बसतात का ते हाताने पाहा.

जॅमच्या पेपरात तीन तास, ६० प्रश्न आणि १०० गुण असतात. त्यात फिजिकल आणि इनऑरगॅनिकही आहे, तेव्हा ऑरगॅनिकला रोज दीड तासापेक्षा जास्त देऊ नकोस. पण त्या दीड तासातला एक तास सोडवण्याचा. मॅकमरीची उत्तरपुस्तिकाही विनामूल्य मिळते, ती प्रश्न सोडवून झाल्यावरच उघडायची. पुढे महाड, कुरकुंभ किंवा लोट्याच्या कंपनीत आर अँड डीच्या मुलाखतीला गेलीस तरी हेच उपयोगी पडेल. अशा एका मुलाखतीला मी बसले होते. समोरच्या मुलाने डझनभर नेम रिॲक्शन (शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभिक्रिया) धडाधड सांगितल्या. ‘यातली एक काढून दाखव’ म्हणून कागद पुढे केला, तर त्याचं पेन पहिल्याच बाणाला थांबलं. हुशार मुलगा होता, कुणी त्याच्याकडून कधी काढूनच घेतलं नव्हतं. मला अजून वाईट वाटतं.

या रविवारी मॅकमरीचं अल्डिहाइड-कीटोनचं प्रकरण उघड आणि फक्त पहिले दहा प्रश्न कागदावर सोडव. प्रत्येक बाणाची शेपूट इलेक्ट्रॉनच्या जोडीवर किंवा बंधावर आहे ना, ते लाल पेनाने तपास. जिथे अडशील त्या पानाचा फोटो मला पाठव, खाडाखोडीसकट.