अत्यल्प व्होल्टेजवरचा एडीसी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : पुरवठा १ व्होल्टवरून ०.५ व्होल्टवर आणला की डिजिटल भागाची ऊर्जा एक-चतुर्थांश होते. एडीसीत (अ‍ॅनालॉग संकेताचे डिजिटल आकड्यांत रूपांतर करणाऱ्या परिपथात) तेवढीच बचत का होत नाही?

उत्तर : डिजिटल परिपथात ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात लागते, म्हणून तिथली बचत खरी असते. एडीसीत मात्र संकेताचा आवाकाही निम्म्यावर येतो, पण औष्णिक नॉईज आहे तेवढाच राहतो. १ पिकोफॅरडच्या कपॅसिटरवर नमुना घेतला, तर खोलीच्या तापमानाला सुमारे ६४ मायक्रोव्होल्ट आरएमएस नॉईज असतोच. संकेत-नॉईज गुणोत्तर टिकवायचे तर कपॅसिटर चौपट करावा लागतो आणि वाचलेली ऊर्जा तिथेच खर्ची पडते. ८ बिटांच्या आसपास नॉईजची अट सैल असल्याने व्होल्टेज उतरवणे परवडते. १२ बिटांसाठी मी तो आग्रह धरणार नाही.

प्रश्न : ०.३ व्होल्टवर ट्रान्समिशन गेटचा (एनमॉस आणि पीमॉस ट्रान्झिस्टर समांतर जोडलेला) सॅम्पलिंग स्विच, म्हणजे नमुना घेणारा स्विच, संकेताच्या मधल्या पातळीला नीट चालू होत नाही. ट्रान्झिस्टर रुंद करावेत का?

उत्तर : करू नयेत. संकेत मधोमध असताना एनमॉस आणि पीमॉस दोघांच्याही वाट्याला जेमतेम ०.१५ व्होल्ट येतात, म्हणजे दोघेही थ्रेशोल्डच्या (ट्रान्झिस्टर नीट चालू होण्याच्या व्होल्टेजच्या) बरेच खाली असतात. रुंदी दुप्पट केल्याने प्रवाह दुप्पटच होतो, शिवाय बंद स्थितीतली गळतीही दुप्पट होते. याउलट थ्रेशोल्डखाली गेट व्होल्टेज ६० ते १०० मिलिव्होल्टने वाढवले, तरी प्रवाह सुमारे दसपट होतो. म्हणून गेट बूटस्ट्रॅप करावे, म्हणजे त्याचे व्होल्टेज संकेताबरोबर वर उचलावे. पुरवठ्याइतका भारित कपॅसिटर संकेताच्या वर चढवला की गेट-सोर्स व्होल्टेज जवळजवळ स्थिर राहते आणि विकृतीही घटते. ०.३ व्होल्टवर एकदा चढवणे बहुधा अपुरे पडते. दोन कपॅसिटर एकावर एक चढवून सुमारे ०.६ व्होल्ट मिळवावेत. ज्या ट्रान्झिस्टरना १ व्होल्ट चालतो, त्यांना त्याचा धोका नाही. गळती कमी करण्यासाठी दोन ट्रान्झिस्टर एकसरीत जोडावेत आणि नमुना घेताच रूपांतर लगेच उरकावे.

प्रश्न : अशा व्होल्टेजला कोणती रचना निवडावी?

उत्तर : सार (SAR), म्हणजे कम्पॅरेटरने (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या परिपथाने) एकामागून एक बिट ठरवणारी रचना. तिला ओपॅम्प (उच्च लाभाचा प्रवर्धक) लागत नाही, आणि इतक्या कमी पुरवठ्यात एकावर एक ट्रान्झिस्टर रचून चांगला ओपॅम्प बांधायला जागाच उरत नाही.

प्रश्न : सामान्य स्थितीच्या सिम्युलेशनमध्ये सगळे ठीक दिसते. खरी कसोटी कोणती?

उत्तर : स्लो कॉर्नर (उत्पादनातल्या फरकांमुळे ट्रान्झिस्टर सर्वांत मंद निघण्याची स्थिती), किमान पुरवठा आणि सर्वांत थंड तापमान हे तिन्ही एकत्र. थंडीत थ्रेशोल्ड वाढतो, थ्रेशोल्डखालच्या प्रवाहाच्या वक्राचा उतारही तीव्र होतो, आणि थ्रेशोल्डखालचा प्रवाह कित्येक पटींनी घटतो. नेहमीच्या व्होल्टेजची सवय असलेल्या डिझाइनरला गरम स्थिती सर्वांत मंद वाटते. इथे नेमके उलटे घडते. म्हणूनच ठरावीक विलंबावर बेतलेले टायमिंग टाळून, कम्पॅरेटरचा निर्णय पूर्ण झाल्याचा संकेत पुढच्या बिटाला सुरुवात करून देईल, अशी स्वयंकालित रचना करावी. दोन्ही इनपुट जवळजवळ समान असताना निर्णय अडकू शकतो, त्यासाठी कालमर्यादाही ठेवावी. गळतीसाठी फास्ट कॉर्नर आणि कमाल तापमान स्वतंत्रपणे तपासावे. कम्पॅरेटरवर मॉन्टे कार्लो (यादृच्छिक फरक घालून वारंवार केलेले सिम्युलेशन) करताना स्थिर ऑफसेटची (तुलनेतल्या कायमच्या फरकाची) फार चिंता नको, कारण एकच कम्पॅरेटर असल्याने त्यामुळे संपूर्ण वक्र फक्त सरकतो. कॉमन-मोडबरोबर (दोन्ही इनपुटच्या सरासरी पातळीबरोबर) बदलणारा ऑफसेट मात्र रेषीयता बिघडवतो, तोच मोजून पाहावा.